भेकर ऑनलाइन आहे

माझ्या फोनला रात्री वाजायची परवानगी फक्त दोघांना होती. एक आमचा प्रॉडक्शन सर्व्हर आणि दुसरं मुरबाडचं एक भेकर.

सर्व्हर वाजला की पोटात गोळा यायचा. भेकर वाजलं की अंधारात चष्मा शोधता शोधता हसू यायचं. बायकोला माझ्या चेहऱ्यावरूनच कळायचं, कोण आलंय ते. "काय म्हणतंय तुझं हरिण?" असं विचारून ती कूस बदलायची. "हरिण नाही गं, भेकर!" असं मी रोज सांगायचो आणि ते ती रोज विसरायची.

हे सगळं भूतकाळात लिहितोय, कारण आता त्या भेकराची नोटिफिकेशन येत नाही. ती मीच बंद केली. का, ते सांगतो. जरा लांबून सुरुवात करावी लागेल, पण शनिवार आहे, वेळ आहे.

सुरुवात झाली माझ्या मावसभावापासून. आम्ही दोघं डोंबिवली पूर्वेला एका चाळीत वाढलो. लहानपणी हा माणूस गल्लीतल्या कुत्र्यांना स्वतःची बिस्किटं वाटायचा. गेली वीस-एक वर्षं तो पेनसिल्व्हेनियात आहे, आणि तिथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी केशरी जाकीट घालून, रायफल घेऊन हरणाच्या शिकारीला जातो! मावशीला अजून सांगितलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, "नोव्हेंबरात तो कॅम्पिंगला जातो."

मला कळलं तेव्हा मी त्याला फोनवर बरंच ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अरे, लायसन्स आहे, कोटा आहे, सीझन आहे. एक हरिण मारतो, ते चार महिने घरात खातो. तू बुधवारी चिकन आणतोस त्याचं तोंड तरी बघतोस का कधी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पण माझ्यातल्या इंजिनियरचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं. त्याच्याकडे सहा ट्रेल कॅमेरे आहेत. झाडाला पट्ट्याने बांधायचा हिरवट डबा. समोरून उष्ण अंगाचं काही हललं की फोटो काढतो, आणि आत सिमकार्ड असल्यामुळे तो फोटो अर्ध्या-एक मिनिटात थेट फोनवर पाठवतो. भाऊ ऑफिसात बसून सप्टेंबरपासून हरणांची हजेरी घेत असतो. एका मोठ्या शिंगाच्या नराचं नाव त्याने 'शेठ' ठेवलंय. शेठ कुठल्या वाऱ्याला कुठून येतो, थंडी पडली की किती वाजता येतो, सगळ्याचा आलेख ॲपमध्ये तयार. शिकारीच्या दिवशी फक्त जाऊन बसायचं.

"मग ही शिकार कसली? हे तर अपॉइंटमेंट घेऊन मारणं झालं!" मी म्हटलं.

तो जरा गप्प झाला. मग त्यानेच सांगितलं, की हा वाद तिकडेही जोरात आहे. ॲरिझोना राज्याने २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला पूर्ण बंदी घातली. युटाने शिकारीच्या मोसमापुरती घातली. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच क्लब. पण प्राणी आत्ता कुठे आहे हे यंत्राने सांगितलं आणि त्यावरून लगेच जाऊन मारला, तर असलं जनावर ते आपल्या नोंदवहीत घेत नाहीत. म्हणणं एवढंच, की जनावराला निसटायची संधी हवी.

गंमत म्हणजे हा कॅमेरा जन्माला आला तो शिकाऱ्याच्याच हातून. जॉर्ज शिरास नावाचा पेनसिल्व्हेनियाचाच एक वकील होता. रात्री होडीच्या टोकाला दिवा लावून, हरिण प्रकाशाने थबकलं की गोळी घालायची, ही शिकारीची जुनी रीत त्याला येत होती. त्याने बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. पुढे वाटेवर तार ताणून ठेवली. जनावराचा पाय लागला की फ्लॅश उडून फोटो. जुलै १९०६ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये त्याचे ७४ फोटो छापून आले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात अशाच तारा लावून वाघांचे फोटो काढले. बाकीचे साहेब वाघावर पाय ठेवून फोटो काढत होते, त्या काळातली ही गोष्ट.

तर पुढच्या भेटीत भावाने मला एक कॅमेरा आणून दिला. इथे आपली पहिली फजिती. तो अमेरिकन कॅमेरा तिकडच्या कंपन्यांच्या फ्रिक्वेन्सी बँडवर चालणारा. आपल्याकडचं एकही सिम त्याला ओळख दाखवेना. दोन शनिवार फर्मवेअरशी झटापट करून मी हार मानली आणि आपल्या फोरजीवर चालणारा एक चिनी कॅमेरा मागवला. आठ पेन्सिल सेल, एक सिम, एक मेमरी कार्ड.

आता लावायचा कुठे? ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही पहिलं नाव सुचेल ते येऊरचं. पण येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथे आपण परवानगीशिवाय शिरून झाडाला डबे बांधायचे नसतात. तिथे संशोधक आणि वनविभाग मिळून कॅमेरे लावतात ते बिबटे मोजायला. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखंच, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. २०१५ मध्ये अशी मोजदाद झाली तेव्हा ३५ बिबटे निघाले, २०१८ मध्ये ४७. चहूबाजूंनी आपण, मध्ये ते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलपाशी एक येऊन गेला, ते आठवत असेलच.

आमचा मात्र मुरबाडकडे एक छोटा प्लॉट आहे. तीन मित्रांनी मिळून घेतलेला, मागे ओढा आणि त्यापलीकडे जंगल. 'निवृत्तीनंतर तिथे राहू' असं आम्ही तिघंही म्हणतो आणि आमच्या तिघींपैकी एकही बायको म्हणत नाही. तिथली देखरेख शेजारच्या पाड्यावरचे तात्या करतात.

जानेवारीत मी कॅमेरा घेऊन पोचलो. मोहाच्या झाडाखाली जागा मोकळी होती, रेंजही दोन काड्या. तिथेच पट्टा आवळत होतो तर तात्या म्हणाले, "दादा, हितं नका बांधू. मोहाची फुलं पडाया लागली, की बाया पहाटच्या येचाया येतात. त्यांचं फोटू तुमच्या फोनात कशाला?"

मी पट्टा सोडला. खरं सांगायचं तर हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. दिवसभर ऑफिसात 'युजर प्रायव्हसी'वर स्लाइड बनवणारा मी!

शेवटी ओढ्याच्या काठी एका ऐनाला बांधला. पहिल्या आठवड्यात एकूण ६१२ फोटो आले, त्यातले ५९० गवताचे. हा सेन्सर जनावर ओळखत नाही. समोरच्या उष्णतेत फरक पडला की तो जागा होतो, मग तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी त्याला ते जनावरच. मी समोरचं गवत कापलं, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला वळवलं, संवेदनशीलता कमी केली. बग बंद झाला. मग एकेक मंडळी दिसू लागली. साळिंदर, पाठीवरचे काटे खुळखुळवत जाणारं. ससा. रानमांजर. रानडुकरांचं अख्खं कुटुंब, पिल्लांच्या अंगावर पट्टे. आणि एका पहाटे ते.

भेकर हे तसं लहानखुरं जनावर. शेळीएवढं म्हणा. नराला आखूड शिंगं, तीही कातडीने मढलेल्या लांब खुंटांवर उगवलेली, आणि वरच्या जबड्यात बाहेर डोकावणारे सुळे. धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. आमच्या कॅमेऱ्यात आलं तो नर होता, आणि डावा कान फाटलेला. त्यामुळे दर वेळी तोच आहे हे ओळखता यायचं.

आता इंजिनियर माणसाच्या हातात रोजचा डेटा आला की तो काय करणार? एक्सेल उघडणार. तारीख, वेळ, तापमान, चंद्र, येण्याची दिशा. मार्चअखेर माझ्याकडे ७० नोंदी झाल्या. सुंदर आलेख निघाला: भेकर बहुतेक वेळा पहाटे पावणेपाच ते साडेपाचच्या दरम्यान, ओढ्याच्या वरच्या अंगाने, एकाच वाटेने खाली उतरतं. मी तो आलेख फोटोंसकट सगळीकडे पाठवला. कॉलेजच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर, आणि प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर, ज्यात शंभरेक माणसं आहेत आणि त्यातली दहा मी पाहिलेली आहेत. कौतुक झालं. कुणीतरी विचारलं, "नक्की कुठे?" मी लोकेशन पाठवून दिलं. अंगठे आले. मीही खूष.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी रात्री १ वाजून १२ मिनिटांनी फोन वाजला.

फोटोत पाय होते. गुडघ्याखालचे, दोन माणसांचे. विजेरीचा पांढरा झोत. दुसऱ्या फोटोत एक जण ओणवा, हातात काहीतरी वेटोळं. तिसऱ्यात नुसती पाठ. १ वाजून १९ मिनिटांनी चौथा फोटो, त्यात कोणीच नव्हतं.

मी पलंगावर उठून बसलो. पहिला विचार काय आला, ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. पाड्यावरचे कुणीतरी असणार, असं वाटलं. ज्या माणसाने मला बायकांचे फोटो काढू नका म्हणून सांगितलं, त्याच्या पाड्यावरचे.

तरी तात्यांनाच फोन केला. तिसऱ्या प्रयत्नात उचलला. मी घाईघाईने वर्णन केलं. पलीकडे क्षणभर शांतता. "फासकी लावली, दादा," ते म्हणाले. फासकी म्हणजे तारेचा फास. मोटारसायकलच्या क्लचची वायर त्याला चालते. जनावराच्या वाटेवर लावून ठेवायची आणि उजाडायच्या आत येऊन बघायची. बंदूक नको, आवाज नको. "मी जातो, पर एकला नाय. तुमी जंगलखात्याला लावा."

वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावला. तिथून निरोप खाली पोचला. पावणेतीनला त्या भागातल्या वनरक्षकाचा मला फोन आला. पत्ता विचारला, फोटो मागवले, म्हणाला, "दोघांना घेऊन निघतो. तोवर त्या तात्यांना एकट्याने जाऊ देऊ नका."

बाहेर काढून बघितलं, तीन वाजत होते. आणि माझ्याच आलेखानुसार भेकर पावणेपाचला येणार होतं.

पुढचे दोन तास मी डोंबिवलीत स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभा होतो. बायको उठून आली, तिने चहा केला. मी तिला आलेख दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुझा भाऊ करतो तेच केलंस की. फक्त गोळी तेवढी दुसऱ्यासाठी ठेवलीस."

या वाक्यावर काय बोलणार!

कारण खरंच होतं ते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली, आणि त्या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही. फास लावणं, सापळ्यात धरणं, आमिष दाखवणं, हाका घालणं, एवढंच काय, यातल्या कशाचाही प्रयत्न करणं म्हणजेसुद्धा शिकार. पण शिकारीतलं सगळ्यात कष्टाचं काम कुठलं? जनावर कुठे येतं, कधी येतं, कुठल्या वाटेने येतं, हे शोधणं. पूर्वी त्याला आठवडेच्या आठवडे जंगलात घालवावे लागत. ते मी तीन महिने, स्वखर्चाने, रंगीत आलेखासकट करून दिलं होतं. भावाच्या शेठला निदान कोटा होता, मोसम होता. माझ्या भेकराला तेवढंही नव्हतं.

मोठ्या माणसांना हा धोका कधीच कळलेला आहे. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ जागी कॅमेरे लागले, ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले, त्याचा गिनीज विक्रम झाला. पण एकेक कॅमेरा नेमका कुठे, हे कोणी चव्हाट्यावर मांडत नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती ज्या ईमेलवर यायची, ते खातं कुणीतरी उघडू पाहिलं. प्रयत्न फसला. तो पुण्यातून झाला होता, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. तिथे पासवर्ड तरी फोडावा लागणार होता. मी ते कष्टही ठेवले नव्हते.

४ वाजून ५१ मिनिटांनी फोन वाजला.

फोटोच्या अगदी कडेला, अर्धंच दिसणारं भेकर. मान वर, फाटका कान ताठ. पुढचा एक पाय उचललेला. ते थांबलेलं होतं की निघालेलं, ते एका फोटोत कसं कळणार? नंतर काहीच आलं नाही. मी स्क्रीन ओढून ओढून रिफ्रेश करत होतो, जणू माझ्या ओढण्याने ते मागे फिरणार होतं. एवढ्या मोठ्या जगात त्या क्षणी त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती माझ्याकडे होती आणि मी त्याला एक हाकसुद्धा मारू शकत नव्हतो.

५ वाजून २३ मिनिटांनी खाकी पँट दिसली. मग तात्यांचे पाय.

मी पहिली कल्याण लोकल पकडली, पुढे एसटीने मुरबाड, आणि नऊच्या सुमारास पोचलो. पाच फास काढून ठेवले होते, वेटोळी करून, एका ओळीत. चार रिकामे. पाचव्यात ससा होता. तार पोटाशी आवळलेली. त्याने मरायच्या आधी भोवतालची माती खरवडून काढली होती, एक वितीएवढा गोल. वनरक्षकाने पंचनामा केला, माझा जबाब घेतला, फोटोंची मूळ प्रत मागितली. फास लावणारे परत आलेच नाहीत. गाडीचा आवाज ऐकून सटकले असावेत.

भेकर कुठे सापडलं नाही, म्हणजे मेलेलं सापडलं नाही. तात्या म्हणाले, पाच वाजायच्या आसपास वरच्या बाजूने दोनदा भुंकल्याचं त्यांनी ऐकलं.

मग मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवले. ते पायांचा फोटो मोठा करून बघत राहिले. जाड तळाचे, लेस बांधलेले, महागडे स्पोर्ट्स शूज.

"ही पायताणं आमच्या पाड्यावरची न्हाईत, दादा," एवढंच म्हणाले.

मी मान खाली घातली. रात्री मला काय वाटलं होतं, ते त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही आणि चहाला घरी घेऊन गेले.

ते शूज कुणाचे, अजून कळलेलं नाही. माझ्या एखाद्या ग्रुपमधल्या माणसाचे असतील किंवा नसतीलही. ज्यांनी अंगठे दिले त्या सगळ्यांचे डीपी मी एकदा बसून पाहिले. मग वाटलं, आपण हे काय करतोय, आणि थांबलो. लोकेशन तर मीच पाठवलं होतं.

मी सगळीकडचे मेसेज डिलीट करायला गेलो, पण ती मुदत कधीच उलटून गेलेली. शेवटी एकेका ग्रुपवर लिहिलं, की असं असं झालं, कृपया तो आलेख आणि लोकेशन पुढे पाठवू नका. यावर सर्वात आधी आलेलं उत्तर: "नक्की पाड्यावरचे असतील." तेव्हा मात्र मी शूजचा फोटो टाकला. मग ग्रुप शांत झाला.

भावाला फोन केला. त्याने सगळं ऐकलं. "ॲरिझोनावाले हेच म्हणत होते," तो म्हणाला. मग जरा थांबून, "त्या सशाचं काय केलंत?" मी म्हटलं, पंचनाम्यानंतर त्याची विल्हेवाट वनखात्याने लावली. "हं," तो म्हणाला. यंदा त्याने सहापैकी किती कॅमेरे लावले, ते मी विचारलेलं नाही.

कॅमेरा मी काढला नाही. तात्यांशी बोलून जागा बदलली, आणि आतलं सिम काढून टाकलं. आता तो फोटो काढतो आणि स्वतःजवळच ठेवतो. महिन्यातून एकदा मी जातो, कार्ड बदलतो, आणि तात्यांच्या अंगणात लॅपटॉप उघडून आम्ही दोघं बघतो. आलेख काढत नाही. आयुष्यभर मी सिस्टिमचा उशीर मिलिसेकंदांनी कमी करण्याचा पगार घेत आलोय. इथे मात्र मुद्दाम एक महिन्याचा उशीर घातलाय. भेकर कुठे होतं ते मला कळेल. कुठे आहे ते नाही.

मागच्या खेपेच्या कार्डात २२४ फोटो होते. साळिंदर, डुकरं, एक मुंगूस, तात्यांची गाय. शेवटून तिसऱ्यात झाडीआडून कुणाचा तरी पाठमोरा तांबूस मागचा भाग दिसतो. कान फ्रेमबाहेर आहेत. तात्या म्हणतात तेच आहे. मी म्हणतो सांगता येत नाही.

फोन आता रात्री फक्त सर्व्हरसाठी वाजतो. परवा तीन वाजता वाजला, तेव्हा बायकोने झोपेतच विचारलं, "भेकर का रे?"

पहिल्यांदाच बरोबर नाव घेतलं तिने.